एका होडीसाठी अख्खा डबा

बुधवारच्या बाजारात मेथी आणायला गेलो आणि तीन-साडेतीन किलो लोखंड घेऊन आलो. मेथी राहिलीच.

सासूबाईंचं काळं सिंगर शिलाई मशीन चार महिन्यांपासून बंद आहे. त्यातलं शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्यात बसते तो तुकडा, हरवलंय. कसं हरवलं, यावर घरात चर्चा होत नाही. एका रविवारी ते मशीन मी 'साफ' केलं होतं, एवढंच सांगतो.

तर गोदाघाटावर एका जुन्या सामानवाल्यापुढे बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. आत कापड सरकवणारे दाते, बॉबिन, बॉबिन केस, वाकड्या सुया, पाने, गंजलेले स्क्रू, तेलाची कुपी. आणि वरच एक होडीसारखं शटल!

"हे एक केवढ्याला?"

"सुटं नाही भेटनार. डबा उचला. दोनशे."

"बाकीचं घेऊन मी काय करू?"

"तुमी होडी नेल्यावर बाकीचं घेऊन मी तरी काय करू?"

याला उत्तर नव्हतं. दीडशे म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका आले.

पांढरा सदरा, कानटोपी, पिशवीतून डोकावणारा मुळा. कुणी न बोलावता त्यांनी डब्यात हात घातला, एक बॉबिन केस उचलली, उन्हात धरली, तिच्यावर फुंकर मारली आणि जाहीर केलं, "जर्मन माल आहे."

"काका, तसं काही नसतं..."

"मी प्रेसला होतो. छत्तीस वर्षं. मशीन म्हणजे काय ते मला सांगू नका."

नाशकात 'प्रेसला होतो' म्हटल्यावर समोरच्याने गप्प बसायचं असतं. तिथे १९२८ पासून नोटा छापतात. इतक्या नोटा डोळ्यांदेखत गेल्यावर दुसऱ्याच्या खिशातल्या शंभर रुपयांचं काय वाटणार?

"अडीचशे," सामानवाला म्हणाला.

"आत्ता दोनशे होते!"

"जर्मन हाय ना."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण चुकीचं ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. म्हटलं, "सिंगर अमेरिकन कंपनी. आणि आमचं मशीन स्कॉटलंडच्या क्लाइडबँकचं आहे."

"स्कॉटलंड!" काकांनी केस अलगद खाली ठेवली. "कारखाना चालू आहे?"

"छे, १९८०लाच बंद पडला."

"म्हणजे आता हे मिळणारच नाही!" हे ते मला नव्हे, सामानवाल्याला म्हणाले.

तीनशे झाले.

पैसे मोजताना काका शेजारी उभे राहून नोटा बघत होते. सवय असावी. मग म्हणाले, "स्वस्तात पडलं तुम्हाला. आता हा बारका स्क्रू-ड्रायव्हर मला राहू द्या. चष्म्याच्या काडीला लागतो." अख्ख्या डब्यात गंज नसलेली तेवढी एकच वस्तू होती. भिडेखातर दिली.

घरी आलो. शटल बसेना. होडीवालं शटल सरळ पुढेमागे पळणाऱ्या, त्याहून जुन्या मशीनचं. आमच्यातलं शटल झोक्यासारखं हलतं, त्याला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं लागतं. हे मला आधी कोण सांगणार होतं? गावातले तीन रिपेअरवाले झाले. एकानेही सुईखालची पट्टी सरकवून आत बघितलं नाही. तिघांचं एकच, "मोटरवालं नवीन घ्या, हे भंगारात द्या, बिडाचा भाव येईल." चाक फिरवलं तर आजही आवाज न करता फिरतं हो ते. करंगळीएवढा एक तुकडा नाही, म्हणून भंगार? उद्या माझा एक दात पडला तर हे लोक मलाही वजनावर घालतील.

सासूबाईंनी डबा पाहिला आणि फक्त विचारलं, "मेथी?"

तरी सगळेच पैसे पाण्यात गेले असं नाही. सिंगरच्या स्क्रूचे आटे त्यांचे स्वतःचे, हार्डवेअरच्या दुकानातला एकही स्क्रू त्यात जात नाही. डब्यातले दोन मात्र आमच्या मशीनला तंतोतंत निघाले. अजून बसवलेले नाहीत. त्यांना बारका स्क्रू-ड्रायव्हर लागतो.