ओट्यावरचा माल

पुलगावच्या कबाड्याला मी पहिल्यांदा "जुन्या बाटल्या आहेत का?" असं विचारलं, तेव्हा त्यानं आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहून घेतलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "भरेल पायजे का खाली?"

"खाली. आणि शंभर वर्षांची असली तर फारच उत्तम."

त्याचा माझ्यातला रस तिथंच संपला. "तिकडं ढीग हाय, पाहून घ्या."

आमचा जिल्हा वर्धा. सेवाग्राम आमचं, पवनार आमचं, म्हणून दारूबंदीही आमचीच. आणि या दारूबंदीच्या जिल्ह्यातल्या त्या ढिगात पव्व्यांची पोतीच्या पोती होती. उरलेल्यात सरबताच्या, फिनेलच्या आणि फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. या शेवटच्या जातीला मी हात लावत नाही. कपाशीच्या गावात वाढलेल्या माणसाला ती बाटली शोभेची वाटूच शकत नाही.

दोन तासांनी तळाशी मातीनं भरलेली एक बाटली हाताला लागली. अंगठ्यानं माती पुसली तर आतून गर्द निळी. सहा बाजूंची, अंगावर उभे कंगोरे आणि मधे उठावाची इंग्रजी अक्षरं : नॉट टु बी टेकन. पूर्वी विषारी औषधं अशा बाटलीत देत. कंदिलाच्या उजेडात चुकून भलतीच बाटली तोंडाला लागू नये, म्हणून रंग निराळा आणि कंगोरे हाताला कळतील असे. निळाई कोबाल्टची. बाजूच्या शिवणीवरून नख वर नेलं, तर ओठाच्या खालीच शिवण विरून गेली, म्हणजे तोंड कारागिरानं हातानं घडवलेलं. यंत्राच्या बाटलीची शिवण थेट ओठावर चढते. ओवेन्सचं ते यंत्र अमेरिकेत १९०३ साली आलं. ही बाई त्याच्या आधीची, किंवा निदान त्याचा वारा न लागलेली.

"वीस रुपये द्या," कबाडी म्हणाला. "निळी हाय म्हणून."

घरी बायकोनं बाटली उलटसुलट करून पाहिली. "काय जी, एवढ्या उन्हाचे गेले न् इषाची बाटली घेऊन आले?" माय म्हणाली, "असल्या लय होत्या आपल्या घरी. कंपाउंडर लाल पानी भरून दे, वरून कागदाची कातरेल पट्टी चिटकवे, एका खाचेचा एक डोस. तूच फोडल्या सगळ्या."

जुनी बाटली मिळवणं सोपं, धुणं कठीण. तोंडातून करंगळीसुद्धा जात नाही. पऱ्हाटीच्या काडीला चिंधी बांधून आत घातली. काडी बाहेर आली, चिंधी आतच राहिली. सायकलच्या आऱ्याला आकडा करून ती काढण्यात एक रविवार गेला. मग कुणीतरी सांगितलं, तांदूळ आणि व्हिनेगर घालून खळखळ हलवा, दाणे आतून घासतात. उपाय खरा आहे. पण हलवून हात दुखले म्हणून मी बाटली तशीच ठेवून झोपलो. सकाळी तांदूळ फुगून मानेत बूच बसलेलं. बायको म्हणाली, "आता चुलीवर ठेवा, भात तरी होईन."

एवढं करून बाटली वाळली, तर काचेवर धुकं. पुन्हा धुतली. ओली असेस्तोवर नवरीसारखी चकचकीत, वाळली की मोतीबिंदू. चार वेळा असं झाल्यावर कळलं की तो मळ नव्हताच. मातीतल्या ओलीनं वर्षानुवर्षं काचच खाल्लेली असते, ती धुऊन परत येत नाही. आतून तेलाचा हात फिरवला की धुकं दडतं. फिरवला. मुंग्या आल्या.

सहा महिन्यांत अशा सदतीस बाटल्या जमल्या. पूर्वेच्या खिडकीत फळ्या ठोकून मांडल्या. सकाळी ऊन आलं की सारवलेल्या भुईवर निळे-हिरवे चट्टे उमटत आणि आमची मांजर त्यातला निळा चट्टा धरून बसे. खर्च वसूल झाल्यासारखं वाटे.

मग बीट जमादार आले. सहजच, पाणी प्यायला. खिडकीपाशी दोन मिनिटं उभे राहिले. एक बाटली उचलून तिचं तोंड हुंगलं. मग जरा झुकून माझं.

"शोभेच्या हायेत," मी म्हटलं.

"हो न. सगळे असंच म्हनते."

गावात बातमी व्हायला एवढं पुरे होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एक पन्नी. आत नऊ रिकामे पव्वे. दुसऱ्या दिवशी खताची चुंगडी, अर्धी भरलेली. माझ्या लक्षात आलं ते असं : दारूबंदीच्या गावात पिणं अवघड नाही, बाटली फेकणं अवघड आहे. घुडावर टाकली तर सासू पाहते, विहिरीत टाकली तर तरंगते. आता गावाला ठिकाण सापडलं होतं. भाऊ गोळा करतात, भाऊंना सांगायचीही गरज नाही. बायको पहाटे चारला उठून माल लपवू लागली. माझ्या आयुष्यात एवढी बदनामी मी एक थेंब न घेता कमावली.

आणि एके दिवशी त्या पन्नीत गोटी सोड्याची बाटली निघाली. जाड हिरवट काच, चिमटलेली मान आणि मानेत अडकलेली काचेची गोटी. हिराम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही करामत. बाटली उलटी धरून भरायची, आतला वायूच गोटीला तोंडाच्या रबरी कड्यावर दाबून धरतो. बूच नको, झाकण नको. पोरं मात्र गोटीसाठी ती फोडायची, त्यामुळं जुन्या बाटल्या मिळणं कठीण. आठवडी बाजारातल्या सोड्याच्या गाडीमागं मी स्वतः सहा फोडल्या होत्या.

अजून असतील का तिच्या बहिणी? विचारायचं कुणाला? पन्नी माझी, असं कोण म्हणणार?

तीन रात्री खिडकीमागं जागलो. चौथ्या पहाटे खोकल्याचा आवाज आला. ओळखीचा खोकला. तालुक्याला दारूबंदीवर भाषण करताना दर तिसऱ्या वाक्याला येतो तोच. मी दार उघडलं. गुरुजी पन्नी हातात धरून उभे.

"गुरुजी, गोटीवाली अजून एखादी असेल का?"

"कोनती गोटी?" गुरुजी म्हणाले. "मी तं फिराले निघालो."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन गोटीच्या बाटल्या होत्या, स्वच्छ धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून. पव्वे त्या दिवसापासून शेजारच्या ओट्यावर जाऊ लागले. शेजारी रोज माझ्याकडे संशयानं पाहतो.