मला लालच हवं

स्पोर्ट्स कारच्या मालकाचा बराचसा काळ स्टिअरिंगमागे नाही, चाकाजवळ उकिडवं बसून जातो. डॅम्परच्या, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या, टोकाला बोटभर गुंडी असते. ती आधी पूर्ण आवळायची आणि मग टकटक मोजत उघडायची. मधेच कुणी ‘जेवायला येतोयस ना?’ विचारलं की आकडा गेला. पुन्हा आवळा!

रेसच्या ट्रॅकसाठी आवळलेली गाडी रस्त्यावर नकोशी होते, आणि रस्त्याला मानवणारी गाडी ट्रॅकवर डुलते. रिबाउंड, म्हणजे दबलेल्या स्प्रिंगचा परतीचा प्रवास, फार आवळला तर एका खड्ड्यातून स्प्रिंग सावरायच्या आत दुसरा खड्डा हजर. गाडी मग बसतच जाते, आणि शेजारचं माणूस बोलेनासं होतं.

कॅम्बरची, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याची, तऱ्हा आणखी वेगळी. वळणात गाडी बाहेर कलते आणि टायर बाहेरच्या कडेवर चढतो, म्हणून ट्रॅकसाठी चाकं वरून आत झुकवायची, उणे अडीच-तीन अंश. वळणात मग टायर नीट टेकतो आणि आपण फार उत्तम चालवतो असं वाटायला लागतं. पण ऑफिसचा रस्ता सरळ! तिथे टायर आतल्या कडेने झिजतो, बाहेरून मात्र कोरा करकरीत दिसतो. खरं तर टायर जास्त खातो तो टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं. नाव मात्र कॅम्बरचं खराब. पुढच्या चाकांना जरासा टो-आउट दिला, म्हणजे तोंडं बाहेर फाकवली, की गाडी वळायला चटपटीत होते आणि सरळ रस्त्यावर दिसेल त्या चाकोरीच्या मागे लागते.

अलाइनमेंटवाल्याच्या पडद्यावर कंपनीच्या मापात बसलं की आकडा हिरवा, नाहीतर लाल.

“साहेब, सगळं हिरवं करून देतो.”

“नको, पुढचं कॅम्बर लालच ठेवा.”

त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सोबत आलेल्या माझ्या बायकोकडे. तिने नुसती मान हलवली.

पुढचं काम चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून भार जुळवण्याचं. त्यासाठी चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती सीटवर ठेवतात.

“साहेबांचं वजन?”

मी सांगितलं. त्याने मोजून पोती ठेवली आणि स्प्रिंगखालच्या रिंगा फिरवून चारही आकडे जुळवत आणले. शेवटची रिंग आवळणार, एवढ्यात बायको म्हणाली, “अहो दादा, ते लग्नातलं वजन आहे. अजून एक पोतं ठेवा.”

त्याने ठेवलं. चारही आकडे हलले, आणि तो पाना घेऊन पुन्हा पहिल्या चाकापाशी बसला.