पान्यासकट माणूस

नाशकात डिझेल गाडीविषयी सल्ला मागावा लागत नाही, तो हवेतच असतो. सातपूरला डिझेल इंजिनांची नोझलं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्या, बनवणारा मोठा कारखाना, त्याच पट्ट्यात बोलेरो बनवणारा दुसरा, आणि अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत या दोघांना नट, बोल्ट, वायसर, रबर, पत्रा पुरवणाऱ्या शेडच्या ओळी. त्यामुळे इथल्या कुठल्याही सोसायटीत चार दारं वाजवा. तीन दारांमागून डिझेलवर हयात काढलेला माणूस निघतो आणि चौथ्यातून त्याचा जावई. नोझलवाल्या मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण नाशिककरांनी ते फारसं मनावर घेतलेलं नाही. चौकाला अजून मायको सर्कलच म्हणतात, आणि तिथून रिटायर झालेला माणूस शेवटपर्यंत ‘मायकोवाला’च राहतो.

अशा गावात स्वतःच्या गाडीचं काम स्वतःच्या हाताने करू पाहणाऱ्याला मदत मिळणं अवघड नसेल, असं वाटेल. मिळते ना. इतकी मिळते की कामात आपल्याला जागा उरत नाही.

माझी बोलेरो जुनी, डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनची, २,५२३ सीसीची. हिचं बॉनेट उघडलं की इंजिन दिसतं. हल्लीच्या गाड्यांचं उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं, त्यावर कंपनीचं नाव, आणि एकूण आविर्भाव असा की आत काय चाललंय ते तुमचं काम नाही. शिवाय गाडी उंच असल्यामुळे जॅक न लावताही माणूस खाली सरकू शकतो. कुठल्या बांध्याचा माणूस, ते माहितीपुस्तकात दिलेलं नाही.

हा उद्योग सुचला तो सर्व्हिसच्या बिलामुळे. त्यात ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची एक ओळ असते. काय असतं त्यात, असं विचारलं तर काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “कापड असतं सर, पुसायचं.” तेवढ्या पैशांत येवल्याहून नेसायचं कापड आलं असतं, असं बायको म्हणाली. तिने ते दुसऱ्याच हेतूने म्हटलं होतं, पण मी डिझेल फिल्टर स्वतः बदलायचा निश्चय केला.

पहिला मुक्काम नाशकातल्याच द्वारका चौकाकडचं स्पेअर पार्टचं दुकान.

“बोलेरो डीआयचा डिझेल फिल्टर द्या.”

दुकानदाराने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“मिस्त्री कुठेय?”

“मिस्त्री नाही. मीच बदलणार आहे.”

“मग मिस्त्रीला फोन लावून द्या ना. कुठला लागतो, त्याला विचारतो.”

“अहो, मीच मिस्त्री.”

त्याने माझा शर्ट वरपासून खालपर्यंत बघितला. “इस्त्री दिसतेय. मिस्त्री दिसत नाही.”

दुकानदाराचंही बरोबर होतं. हा सगळा धंदा मिस्त्री आणि दुकान या दोघांतला. गाडीचा मालक त्यात फक्त पैसे देण्यापुरता. माझ्या शेजारी काळ्या नखांचा एक पोरगा येऊन उभा राहिला, “डीआयचा फिल्टर, वायसर सेट, दोन नळ्या” एवढं म्हणाला आणि मला फिल्टरची खोकी दिसायच्या आत सामान घेऊन वळला. जाताना मात्र थांबला. “काका, तांब्याचे वायसर घेतले का? जुने परत लावू नका. तांबं एकदा दबलं की दबलं, मग तिथून लाइन हवा खेचते.” मी त्याला मनापासून धन्यवाद दिले. त्यावर तो म्हणाला, “कुठे राहता? रविवारी येतो मी, बघून घेऊ.”

इथून ते सुरू झालं. मला माहिती हवी होती, लोक स्वतः येत होते.

पान्याचंही तेच. नोझलच्या पाइपांना सोळा-सतराचा पाना लागतो, माझ्याकडे चौदा-पंधराच्या पुढे काही नव्हतं. लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारलं. “पाना कशाला हवाय?” हा प्रश्न सगळ्यांनी केला, पाना कुणी दिला नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या मायकोवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्या पलंगाखाली हिरवी पत्र्याची पेटी. आत मेणकापडावर पाने आकारानुसार निजलेले, प्रत्येकावर तेलाचा पुसट हात फिरवलेला. काकांनी सतराचा उचलला, उजेडात धरला, फडक्याने पुसला आणि परत ठेवला.

“पाना म्हणजे टूथब्रश असतो. दुसऱ्याला देत नाहीत,” ते म्हणाले. “थांब, चप्पल घालतो. मीच येतो.”

खाली पार्किंगमध्ये येईपर्यंत बातमी पसरली होती. वॉचमन खुर्ची घेऊन आला, काकांसाठी. सेक्रेटरी आले ते ‘टाइल्सवर ऑइल सांडू नये’ हा ठराव घेऊन, आणि ऑइल नव्हे, डिझेल सांडणार आहे हे कळल्यावर ठरावात डिझेलचा उल्लेख आहे का, या विचारात उभेच राहिले. बी विंगचे एक गृहस्थ खिशात हात घालून जवळ आले.

“प्लग काढून साफ केला का?”

काकांचा चेहरा लाल झाला. “डिझेलला प्लग? अरे, ठिणगी लागतच नाही तिला! हवा दाबून दाबून एवढी तापते की डिझेल आत पडल्याबरोबर पेट घेतं. मायकोत तीस वर्षं काय केलंस तू?”

“मी अकाउंट्सला होतो.”

फिल्टर काढायच्या आधी काकांनी त्याच्या तळाचा स्क्रू सैल करायला लावला आणि जे आलं ते बिसलेरीच्या बाटलीत धरलं. बाटली बॉनेटच्या कडेला ठेवून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. थोड्या वेळाने खाली एक वेगळा थर जमला. वर फिकट पिवळं डिझेल, खाली बोटभर पाणी, मध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा. “हे बघा,” काका म्हणाले. “नोझलची सुई आणि बॉडी यांच्यात दोन ते चार मायक्रॉनची फट. तुझा केस असतो सत्तर मायक्रॉनच्या आसपास.” इथे त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहून उदाहरण बदललं आणि वॉचमनचा केस घेतला. “एवढ्याशा जागेत हे पाणी शिरलं की सुई गंजते, धरते, संपलं.” मी त्या बाटलीकडे बघत राहिलो. सर्व्हिसच्या एवढ्या वर्षांत हे मला कुणी दाखवलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

नवा फिल्टर बसला. बसवला काकांनी. आता लाइनमधली एअर काढायची. फिल्टरजवळ एक छोटा हातपंप असतो, तो दाबत राहायचं आणि वरचा एअर स्क्रू थोडा सैल ठेवायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. पंप दाबून धरलेला असतानाच स्क्रू बंद करायचा. आधी सोडला की परत हवा आत. एवढं सोपं काम. मी पंपाला अंगठा लावला.

“जोरात नको. लयीत,” काका म्हणाले.

“लय नाहीये त्यांच्याकडे,” अकाउंट्सवाले म्हणाले. “सरका, मी करतो.”

त्यांच्यानंतर सेक्रेटरींनी पंप मारला, ठराव विसरून. मग वॉचमनने. मग चौथीतल्या एका मुलाने, ज्याला सगळ्यांनी मिळून शिकवलं. गाडी माझी, फिल्टर माझ्या पैशांचा आणि माझ्या हातात शेवटी आला तो टॉर्च. तोसुद्धा “इकडे धर, डोळ्यांवर नको मारू” अशा कडक देखरेखीखाली.

सेल्फ मारला. इंजिन फिरलं, लागलं नाही. काकांनी मग सतराचा पाना स्वतःच्या हाताने नोझलच्या पहिल्या पाइपाच्या नटाला लावला, अर्धा आटा सैल केला. “आता मार!” नटापाशी डिझेल फुसफुसलं, त्यांनी आवळला. मग दुसरा, तिसरा, चौथा. आवळता आवळता त्यांनी जमलेल्यांना बजावलं की हे फक्त असल्या जुन्या पंपाच्या गाडीवर चालतं. नव्या, कॉमन रेलच्या गाडीत सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत हजार-दीड हजार बारचा दाब असतो, तिथे चालू इंजिनाचा पाइप सैल केला तर फवारा कातडीतून आत शिरतो आणि माणूस ऑपरेशन टेबलावर जातो. अकाउंट्सवाल्यांची नव्या कॉमन रेलची गाडी होती. त्यांनी हात परत खिशात घातले.

गाडी लागली. आधी अडखळत, मग एकदम. आणि धुराचा एक मोठा लोट पार्किंगमधून वर चढला.

“पांढरा आहे. न जळलेलं डिझेल. जाईल आत्ता,” काका.

“निळा वाटतो. ऑइल जळतंय,” अकाउंट्स.

“काळा असेल तर एअर फिल्टर चोक असतो म्हणे,” सेक्रेटरी.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, “रंग कुठला का असेना, माझ्या चादरी पांढऱ्या होत्या!”

सभा तिथेच बरखास्त झाली.

ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा मी शहाणपणाने दुपारची वेळ साधली, सगळे झोपलेले असताना. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट मी एकट्याने काढला. पण जळक्या ऑइलचं काय करायचं? गटारात सोडायचं नाही, ते गोदावरीत जातं. कायद्याने हा घातक कचरा, तो नोंदणीकृत रिसायकलवाल्याकडेच जायला हवा. तो माणूस माझ्या एका कॅनसाठी कशाला येईल? या विवंचनेत मी असताना वॉचमनकडे मात्र मागण्यांची यादी लागली होती. सेंट्रिंगवाल्याला प्लेटांना चोपडायला हवं होतं, दूधवाल्याला गोठ्याच्या लाकडांना वाळवीसाठी, दुकानदाराला शटरच्या पट्ट्यांना. मी काढलेल्या ऑइलला एवढी किंमत, मी काढलं म्हणून कौतुक कुणाला नाही.

शेवटी कॅन उचलून वडाळा नाक्याकडच्या चाचांच्या गॅरेजवर नेला. त्यांच्याकडे जळक्या ऑइलचा ड्रम असतो, भरला की घेणारा येऊन नेतो. चाचांनी कॅनमधला एक थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळला, उन्हात धरून चमक दिसते का बघितली, हुंगला.

“लोखंडाचा कीस नाही. इंजिन ठीक आहे. कुणी काढलं?”

“मी.”

चाचांनी माझ्याकडे नीट पाहिलं. शर्टावर डाग होता. “पोरगं आज आलं नाही,” ते म्हणाले. “त्या पिकअपखाली जाऊन बोल्ट धरता का जरा? वरून मी आवळतो.”

मी पिकअपखाली गेलो. हातात त्यांचा पाना, कुणी लय सांगत नव्हतं, कुणी पाना मागत नव्हतं. थोड्या वेळाने बंपरपाशी दोन पॉलिश केलेले बूट येऊन थांबले आणि गाडीचा मालक वाकला.

“मिस्त्री, मला पण शिकायचंय हे. तो पाना जरा माझ्याकडे देता का?”

“तुम्ही टॉर्च धरा,” मी म्हणालो. “आणि डोळ्यांवर नको मारू.”