राजधानी जवळ आली म्हणजे काय होतं?

मी राहतो ते अ‍ॅनापोलिस ही अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याची राजधानी. लोकसंख्या जेमतेम ४० हजार. १७७२ साली बांधायला घेतलेल्या विधानभवनात आजही अधिवेशन भरतं. १७८३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सेनापतिपदाचा राजीनामा दिला तो तिथेच. मोठं शहर म्हणजे बाल्टिमोर, पण राजधानी ह्या खाडीकाठच्या गावात. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचे माझे काकाजी हे ऐकून फोनवर तापतात: "पाय बापू, एवढ्याशा गावात राजधानी चालते, अन् आपल्या नागपूरची काढून नेली!"

काकाजींचा राग खोटा नाही. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती बाजूला पडली. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या नागपूर करारातून उरलं ते नागपूरला वर्षाचं एक अधिवेशन: डिसेंबरात गाड्यांचे ताफे, टेकडी रोडवर अडवलेले मोर्चे, निवेदन घ्यायला मंत्री आला तर आला. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची तूट, मोजून दिला. पुढचं कास्तकाराला विचारा.

पण इथे मी बघतो ते वेगळंच. मोठ्या भरतीला, कोरड्या उन्हातसुद्धा, विधानभवनापासून चालत काही मिनिटांवरच्या धक्क्यावर पाणी रस्त्यात शिरतं. दुकानदार जाब विचारतात तो महापौराला. शाळा काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या हातात. मालमत्ता कराचा दरही तीच ठरवते. अंदाजपत्रकावर जाहीर सुनावणी होते, लोक येऊन तावातावाने बोलतात. आमदार जानेवारीपासून ९० दिवस बसतात आणि बरेचसे आपापल्या कामधंद्याला परततात.

आपल्याकडे जिल्हा परिषदेला निधी वरून, शिक्षकभरती वरून. २०२२ नंतर तर कितीतरी जिल्हा परिषदांवर काही वर्षं निवडून आलेलं कोणीच नव्हतं, नुसते प्रशासक. पारावर त्याची चर्चा झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. वेगळ्या राज्याची मात्र रोज होते.

इथलंही सगळं गोड नाही. श्रीमंत काउंटीला कर भरपूर मिळतो, गरीब काउंटी मागे पडते; तिच्या शाळांना जास्त पैसा राज्यालाच द्यावा लागतो. म्हणून अनुशेषाचं भांडण मला रास्तच वाटतं.

"आधी राज्य येऊ दे, मंग जिल्ह्याचं पाहू," काकाजी म्हणतात. ते "मंग" मला पटत नाही. वेगळा विदर्भ मागणाऱ्यांनी आत्ताच लिहून द्यावं: राजधानी नागपूरला आली, तर यवतमाळच्या जिल्हा परिषदेला कराचे आणि भरतीचे नेमके कोणते अधिकार देणार?