अफुआ म्हणजे ‘शुक्राची देवी’? नाही हो

मुलींच्या हटके नावांचा एक फॉरवर्ड फिरतोय, त्यात म्हणे ‘अफुआ: आफ्रिकन भाषेतलं नाव, अर्थ शुक्राची देवी, आरोग्य, कुठल्याही वारी जन्मलेल्या मुलीला शोभेल’. एका ओळीत एवढ्या चुका म्हणजे कमाल आहे.

आफ्रिकन भाषा नावाची भाषाच नाही, जशी आशियाई भाषा नाही. हे नाव अकान लोकांचं, म्हणजे घाना आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टमधले, भाषा त्वी, फान्टी वगैरे. कुठे अफुआ, कुठे अफिया, फान्टीत एफुआ. ‘आरोग्य’ घुसलं ते अरबी आफियावरून, ऐकायला सारखं, नातं शून्य.

शुक्राची देवी आपणच चिकटवली, आपल्या शुक्रवारात शुक्र आहे म्हणून. त्वीत शुक्रवार म्हणजे फिआदा, आणि अफुआ म्हणजे शुक्रवारी झालेली मुलगी, बस्स. मुलगा असेल तर कोफी. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ चे, कॅलेंडर उघडून बघा, शुक्रवारच निघतो, आणि त्यांच्या जुळ्या बहिणीचं नाव एफुआ. देवीचा एक धागा आहे हां, पण वेगळाच: फान्टी लोक भूमातेला असासे एफुआ म्हणतात, शुक्रवार तिचा वार, त्या दिवशी जमिनीला कुदळ लावायची नाही अशी जुनी रीत. अशांती नावाच्या दुसऱ्या अकान गटाची भूमाता मात्र गुरुवारची, असासे याआ.

खरी गोची ‘कुठल्याही वारी’मध्ये आहे. आपण पौषातल्या मुलीचं नाव श्रावणी ठेवतो आणि कोणी हूं का चूं करत नाही, पण अकानांत हे ‘क्रा दिन’, आत्म्याचं नाव (हा दिन म्हणजे दिवस नव्हे, त्वीत दिन म्हणजे नाव), आत्मा ज्या वारी आला त्या वाराचं, त्यात आईबापांची चॉइस चालतच नाही. आठव्या दिवशी बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणतात, जिभेवर बोटाने पाण्याचा थेंब टेकवतात, मग दारूचा, म्हणजे पुढे पाण्याला पाणीच म्हण आणि दारूला दारूच, आणि मग निवडलेलं दुसरं नाव जाहीर करतात, वाराचं नाव तर जन्मल्यापासून सोबत असतंच. गुलाम म्हणून जमैकात नेलेल्यांनीही ते सोडलं नाही, तिथे त्याचं फिबा झालं.

अफुआ म्हणून हाक मारलीत की घानाचा माणूस शुक्रवारच धरणार. मुलगी मंगळवारची असेल आणि अकान नावच हवं असेल तर अबेना म्हणा.