उणे आठ आणे

मला दहावीला गणितात १०२ मार्क होते. त्या काळी बीजगणित आणि भूमिती मिळून दीडशेचं गणित असे, ही माहिती मी मुलीला कधी दिलेली नाही. लपवली असंही नाही. तिने विचारलं नाही, मी बोललो नाही. पण शंभरात एकशे दोन मिळवणारा बाप घरात बसलेला असताना नववीतल्या पोरीचा गणिताचा प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडणार?

विषय होता 'व्यवहारातील रेषीय संबंध'. वाय बरोबर एमएक्स अधिक सी. एम म्हणजे रेघेचा चढ, आणि सी म्हणजे एक्स शून्य असताना जे काही पदरात पडतं ते. रने देकार्त या फ्रेंच गृहस्थाने १६३७ साली ग्रंथ लिहून बीजगणिताचं भूमितीशी लग्न लावून दिलं. सासुरवास तेव्हापासून आम्ही काढतोय.

"दुधाचा रतीब घे," मी लगेच म्हणालो. "महिन्याच्या दिवसांतून खाडे वजा, गुणिले रोजचा भाव. झाली रेघ."

"दूध चालणार नाही, बाबा. मागच्या वर्षी अख्ख्या वर्गाने दूधच आणलं होतं. मॅडम म्हणाल्या, अधिक सी असलेलं काहीतरी आणा. सी पाहिजे."

सी पाहिजे हे तिने अशा सुरात सांगितलं, की मी पिशवी घेऊन वाण्याकडे निघायच्या बेतात होतो.

मग मी विजेचं बिल काढलं. त्यावर 'स्थिर आकार' म्हणून चक्क छापील सी असतो. मेन स्विच पाडून महिनाभर गावाला जाऊन या, तो आपला दारात उभा. पण वीज शंभर युनिटांपर्यंत एका दराने, पुढे तीनशेपर्यंत दुसऱ्या, पाचशेपर्यंत तिसऱ्या. मुलीने काढलेली रेघ ठिकठिकाणी वाकली. माझ्या आईने चष्मा वर करून ती पाहिली आणि म्हणाली, "माझ्या गुडघ्याचा फोटो कशाला काढलास गं?"

थर्मामीटर आईनेच सुचवला. सेल्सियसला १.८ ने गुणा, ३२ मिळवा, फॅरेनहाइट तयार. एमही आहे, सीही आहे. मुलीने ४० घालून पाहिले, उत्तर आलं १०४.

"म्हणजे एप्रिलात अख्ख्या पुण्याला एकशे चार ताप?" आईने विचारलं. तिला बरीच वर्षं असलेल्या संशयाला आता कुठे गणिताचा आधार मिळाला होता. पण मॅडमना स्वतः हिंडून गोळा केलेले आकडे हवे होते. काखेत थर्मामीटर धरून बसणं हे हिंडणं धरत नाहीत.

म्हणून रिक्षा. सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला दर आमच्या हाताशी होता: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७. मी ऐटीत समीकरण मांडलं. पंचवीस अधिक सतरा, कंसात एक्स वजा दीड. आता कंस सोडवायचा. सतरा दिढे किती, हे कॅल्क्युलेटर उघडायच्या आत आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, "साडेपंचवीस." पंचवीसातून साडेपंचवीस गेले. वाय बरोबर सतरा एक्स, उणे अर्धा.

"सी उणे पॉइंट पाच आला," मुलगी म्हणाली.

"उणे आठ आणे," आई.

"बाबा, म्हणजे आपण रिक्षात बसलो आणि कुठेच गेलो नाही, तर रिक्षावाले काका आपल्याला पन्नास पैसे देणार?"

एकशे दोन मार्कांची घरात पुरती शोभा झाली. मी तीनदा कंस सोडवला. तिन्ही वेळा रिक्षावाला माझं आठ आण्यांचं देणं लागत होता. आता पन्नास पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं. २०११ मध्ये बाद झाली ती चार आण्यांची आणि त्याखालची. त्यामुळे वसुलीला हरकत नव्हती, पण पुण्यातल्या स्टँडवर जाऊन ती करायची कुणी? रात्री साडेदहाला उजेड पडला. हे सूत्र दीड किलोमीटरच्या पुढेच लागू. त्याच्या अलीकडे रेघ मुकाट आडवी, पंचवीसवर. आपणच तिला हद्दीबाहेर मागे ओढत नेली, म्हणून ती शून्याच्या खाली जाऊन पडली. हे मी मुलीला समजावलं तेव्हा तिने "हां, ते मला संध्याकाळीच कळलं होतं" असं सांगितलं. संध्याकाळी का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही कर्वे पुतळ्याजवळ उभे राहिलो. अप्पा बळवंत चौकात जाऊन आलेखाचे कागदही घ्यायचे होते. दोन रिक्षा मान हलवून गेल्या, तिसरीने मीटर पाडला. मुलीच्या हातात फोन, माझ्या हातात वही आणि पेन. दर अर्ध्या किलोमीटरला ती ओरडायची, "आता!" आणि मी पुढे वाकून मीटर वाचून वहीत टिपायचो. तिसऱ्या "आता"नंतर आरशातले डोळे माझ्यावर स्थिरावले.

"साहेब, आरटीओतले का?"

"छे हो काका. गणिताचं चाललंय."

"असं होय," ते म्हणाले. पण पुढच्या सिग्नलला त्यांनी सीटखालून चुरगळलेला खाकी शर्ट काढला, टीशर्टवर चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. मग गाडी रेघ न ओलांडता जाऊ लागली. वळताना इंडिकेटर लागला. मी कर्वे रस्त्यावर रिक्षाचा इंडिकेटर लागलेला त्याआधी कधी पाहिला असेन तर आठवत नाही.

आणि आकडे काय सुरेख येत होते! दीडला २५. अडीचला ४२. माझी छाती फुगली. नळस्टॉपच्या तोंडाशी येईपर्यंत आमचे सगळे ठिपके देकार्तच्या पंगतीत मांडी घालून बसले होते.

मग गाड्या थांबल्या. डोक्यावरून मेट्रो सरळ रेघेत निघून गेली. खाली आम्ही, एक बस, आणि टपावर कपाट बांधलेला एक टेंपो. फोन अडीचच किलोमीटर दाखवत होता आणि मीटर मात्र ४३. मग ४४. काकांनी हँडलवरचे दोन्ही हात उचलून मला दाखवले. "वेटिंग पडतंय साहेब. मी काय करत नाहीये, बघा."

मुलगी वहीकडे बघत म्हणाली, "बाबा, रेघ उभी चालली. एकाच एक्सला इतके वाय असतील तर ते फंक्शनच नाही."

फंक्शनला मराठीत फल म्हणतात, आणि व्हेरिएबलला चल. आमच्या समीकरणात आता अंतर आणि वेळ असे दोन चल झाले होते. त्यातला एक अजिबात चालत नव्हता आणि दुसरा थांबत नव्हता. मी तिला हे सगळं सांगणार होतो, पण टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला.

अप्पा बळवंत चौकात उतरलो तेव्हा अंतर साडेपाच किलोमीटर. सूत्राप्रमाणे ९३, मीटरप्रमाणे १०१.

"नव्वद द्या साहेब," काका म्हणाले.

"अहो, एकशे एक झालेत की."

"असू द्या. पोरीच्या शिक्षणाचं आहे." मग खालच्या आवाजात, "वहीत गाडीचा नंबर नाही ना घेतला?"

मी वही उघडून दाखवली. त्यांनी ठिपके पाहिले, पान उलटं करून पाहिलं आणि एकशे एक रुपये मोजून घेतले. पुढच्या वळणाला इंडिकेटर लागला नाही.

आलेखाचे कागद मिळाले. परतीला साडेआठ वाजले. स्टँडवर एकच रिक्षा, आणि तिचे मालक मागच्या सीटवर पाय पसरून मोबाइलवर मॅच बघत होते.

"काका, कोथरूड?"

"दीडशे."

"मीटरने चला ना."

"मीटर बंद आहे."

मुलगी पुढे झाली. "आणि नळस्टॉपपर्यंत?"

"दीडशेच."

"डेक्कन?"

त्यांनी पहिल्यांदा मॅचवरून नजर काढली. "दीडशे. बसायचं तर बसा."

आम्ही बसलो. मुलीने कोरा कागद मांडीवर घेतला, कंपासमधली पट्टी काढली आणि रिक्षा सुरू व्हायच्या आत एक लांबलचक आडवी रेघ मारली.

"चढ शून्य," ती खूश होऊन म्हणाली. "आणि सी दीडशे."