कोंबड्याचे दांडे आखूड का राहिले?

सस्नेह नमस्कार. कट फ्लॉवरसाठी, म्हणजे दांड्यासह कापून विकायच्या फुलांसाठी, सेलोसिया (कोंबड्याचे फुलझाड) लावण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की बांधावरचे कुर्डूच नवे नाव देऊन शेतकऱ्याच्या गळ्यात मारले जात आहे. आपली रोपे वीतभर उंचीवर फुलली आणि कापलेली फुले दुसऱ्याच दिवशी मरगळली. नुकसान आपले झाले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

कुर्डूविषयी आपले म्हणणे खरे आहे. ज्याची कोवळी पाने आपण पावसाळ्यात भाजीसाठी खुडतो ते कुर्डू आणि बागेतला मखमली कोंबडा ही सेलोसिया अर्जेंशिया या एकाच जातीची रूपे आहेत. मात्र कुंडीसाठी निवडलेले बुटके वाण आणि कापणीसाठी निवडलेले उंच वाण यांत मोठे अंतर आहे, आणि बियाण्याच्या पाकिटावरची उंची पाहूनच खरेदी करावी लागते.

आपण बी नोव्हेंबरमध्ये पेरले आणि वाफा तयार नसल्याने रोपे सात आठवडे ट्रेमध्येच ठेवली. माझ्या मते पीक बिघडले ते इथेच. सेलोसिया लहान दिवसांत लवकर फुलावर येतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा असतो, जूनमध्ये तो 13 तासांच्या वर जातो. त्यात मुळांची कोंडी झाली की रोप वाढ सोडून फुलण्याच्या मागे लागते, आणि एकदा इवलासा तुरा दिसू लागला की नंतर कितीही खत घातले तरी दांडा लांबत नाही. ट्रेमधून एक रोप उपटून पाहावे: तळाशी पांढऱ्या मुळांचे वेटोळे बसले असेल, तर लागवडीला उशीर झाला आहे. चार आठवड्यांच्या आसपास, चार-पाच पानांवर असतानाच रोप जमिनीत गेले पाहिजे. हंगामाची ही बाब मी लेखात लिहायला हवी होती.

शेंडा खुडण्याचा सल्ला मी सरसकट दिला, हीसुद्धा माझी चूक. पिसाऱ्यासारख्या आणि ओंबीसारख्या प्रकारांत खुडल्याने फांद्या वाढतात. मोठा कोंबडा, म्हणजे घड्यांचा मखमली तुरा, हवा असेल तर तो खुडू नये, 15 ते 20 सेंटिमीटरवर दाट लावून एकच दांडा घ्यावा.

मरगळण्याबाबत एक विचारतो: दांड्यावरची पाने काढली होती का? सेलोसियाचे फूल टवटवीत असतानाच पाने माना टाकतात आणि सगळी जुडी शिळी दिसू लागते. सकाळी गारव्यात, तुरा पूर्ण भरल्यावर कापावे, जवळजवळ सगळी पाने ओरबाडून काढावीत आणि दांडे लगेच पाण्यात ठेवावेत. तुऱ्याच्या बुडाशी बोट फिरवल्यावर काळे चकचकीत बी तळहातावर पडू लागले, तर कापणी लांबली आहे.

पुन्हा करून पाहणार असाल, तर फेब्रुवारीअखेर, थंडी ओसरल्यावर पेरा. जूनची लागवड करायची असल्यास पिसाऱ्याचे प्रकार निवडा, कारण कोंबड्याच्या घड्यांत पावसाचे पाणी साचते आणि तुरा आतून कुजतो.